दमेकरी हॉर्न

ऑब्री पिंचेसने स्टिअरिंगच्या मधलं बटण दाबलं आणि गाडीच्या नाकातून जो काही आवाज निघाला तो ऐकून त्याची बायको नेस्टा फस्सकन हसली. म्हाताऱ्या मेंढीला सर्दी व्हावी आणि चारचौघांत शिंकायला नको म्हणून तिने तोंड मिटून घ्यावं, तसा तो आवाज होता. ऑब्रीने पुन्हा बटण दाबलं. मेंढी पुन्हा शिंकली. नेस्टा गॅरेजच्या दारात चहाचा मग घेऊन उभी होती.

"कुणाला हाक मारतोयस?" तिने विचारलं.

"हसू नकोस. हे गंभीर आहे."

गंभीर असणारच. गेल्या अकरा वर्षांत त्या गॅरेजमध्ये गंभीर नाही असं काही घडलंच नव्हतं. एकदा एक वॉशर चुकीच्या वर्षाचा निघाला म्हणून या माणसाने रात्री जेवण टाकलं होतं. नेस्टाच्या आईच्या दफनाला मात्र तो व्यवस्थित जेवला होता, दोनदा वाढून घेऊन.

ऑब्री हा इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या एका नगरपालिकेत बांधकाम तपासनीस होता. लोकांच्या जिन्यांच्या पायऱ्या मोजायच्या, खिडक्यांची उंची बघायची आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनाच सांगायचं, "हे चालणार नाही." या एका वाक्यावर त्याने उभी नोकरी काढली. निवृत्त झाला तेव्हा पंचाईत अशी झाली की हे वाक्य ऐकवायला घरात नेस्टाशिवाय कुणी उरलं नाही, आणि नेस्टा पडली वेल्सच्या डोंगरातली, ती कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तो कासावीस झाला. नेमकी तेव्हाच ओल्वेनची गाडी घरात आली आणि त्याला जगण्याचं कारण मिळालं. गाडीला उलट उत्तर देता येत नाही.

ओल्वेन ही नेस्टाची थोरली बहीण. वेल्समध्ये बार्मथला, समुद्राच्या काठी, ती गावोगाव फिरणारी नर्स होती. लग्न तिने केलं नाही. केली ती ही गाडी: दोनच माणसांची, उघड्या टपाची, हिरवी ब्रॅम्बर. तरुण पोरांनी पोरी फिरवायला घ्यायची गाडी ओल्वेनने बाळंतपणांना जायला घेतली. शेजारच्या सीटवर औषधांची पेटी, मागच्या फटीत धुतलेल्या चादरी, आणि परत येताना कुणी प्रेमाने दिलेली अंडी, कधी एखादी जिवंत कोंबडी. तिकडचे रस्ते एका बैलगाडीच्या रुंदीचे, दोन्हीकडे डोक्यावर जाणारी कुंपणं, पुढचं काही दिसत नाही. ओल्वेन प्रत्येक वळणावर असा दणदणीत हॉर्न द्यायची की ट्रॅक्टरवाले आपसूक मागे सरायचे. त्या दरीतली पोरं हॉर्न ऐकूनच आईच्या पोटातून बाहेर येतात, अशी थट्टा चालायची.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने विझत आत आले. एक दिवस तिने किल्ली नेस्टाच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "गाडी तुमची. इंजिन खोकतंय, ते ऑब्रीला बघू दे. आणि एकदा मला बसवून समुद्राकाठाने एक चक्कर मारून आणा. बस्स."

"पुढच्या उन्हाळ्यात," ऑब्री म्हणाला होता.

इंजिनाचा खोकला पंधरा दिवसांचं काम होता. ऑब्रीने गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत उलगडली. कारण त्याला शोध लागला की या गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ आहे, दर जुलैत त्यांचा मेळावा भरतो, तिथे परीक्षक गाड्या तपासतात, गुण कापतात आणि सगळ्यांत निर्दोष गाडीला चांदीचा कप देतात. म्हणजे जगात एक जागा अशी होती जिथे "हे चालणार नाही" म्हणणारे शंभर जण एकाच कुरणात जमत होते. ऑब्रीला माहेर सापडलं.

त्या मंडळाबद्दल नेस्टाचं मत थोडक्यात सांगायचं तर वाईट होतं. चांगले शिकलेसवरलेले, केस पिकलेले पुरुष ओल्या गवतावर पालथे पडून एकमेकांच्या गाड्यांची पोटं बघायचे. त्यांच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर बसून डब्यातली सँडविचं खायच्या आणि कुणाच्या नवऱ्याने अंगठीच्या पेटीत काय ठेवलंय ते एकमेकींना सांगायच्या. बहुधा नट ठेवलेले असायचे. गाड्या तिथे चालत येत नसत. ट्रेलरवर चढून, दुलया पांघरून, नवरीसारख्या यायच्या. चालवली की गाडी खराब होते, हे त्या मंडळाचं सगळ्यांत मोठं ज्ञान.

मुख्य परीक्षक होता ह्यू टिमिस, निवृत्त दंतवैद्य. पांढरे हातमोजे, काठीच्या टोकाला छोटा आरसा, खिशात कापसाच्या काड्या. आयुष्यभर माणसांच्या तोंडात जे केलं तेच तो आता गाड्यांच्या पोटात करायचा, फरक इतकाच की गाड्या ओरडत नसत. हॉर्नची परीक्षा घ्यायची त्याची खास पद्धत होती. तो कुरण ओलांडून चहाच्या तंबूपाशी जाऊन उभा राही आणि हात वर करी. मालकाने बटण दाबायचं. तंबूपर्यंत आवाज स्पष्ट पोचला तर पूर्ण गुण. गेल्या जुलैत ऑब्रीने बटण दाबलं, टिमिसने कानामागे पंजा धरला, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कप त्याच एका गोष्टीवर गेला.

गंमत म्हणजे हॉर्न वाजवायची ऑब्रीची कधी टाप नव्हती. पन्नास वर्षांत त्याने रस्त्यात कुणाला हॉर्न दिला नव्हता. समोर गाढव आडवं झोपलं असतं तरी तो गाडी थांबवून ते उठेपर्यंत वाट बघत बसला असता, कारण हॉर्न देणं म्हणजे भर रस्त्यात शिवी देण्यासारखं, असं त्याला आणि त्याच्या सगळ्या गावाला वाटायचं. जो हॉर्न जन्मात वाजवायचा नाही त्याचा आवाज बसला म्हणून त्याने अख्खा हिवाळा घालवला.

आधी बॅटरी बदलली. मग बटण. मग तार, टोकापासून टोकापर्यंत. मग दोन्ही हॉर्न काढले, घासले आणि पुन्हा रंगवले. ज्या पट्ट्यांवर ते बसतात त्या पट्ट्याही रंगवल्या, जिथे त्या पट्ट्या गाडीला आवळतात ती जागाही रंगवली. पाच थर, वर लॅकर, प्रत्येक थर कापडाने चोळून. मेंढी आणखीच मरगळली. मग जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरी जोडी आणली. तीही रंगवून बसवली, तीही शिंकली. वर त्या जोडीवरचे आकडे चुकीच्या वर्षाचे निघाले, म्हणून पुन्हा ओल्वेनची मूळ जोडी आली. मंडळातल्या एकाने सुचवलं की हॉर्नला बॅटरीतून थेट जोर देणारा एक छोटा रिले टाक, प्रश्न मिटला. ऑब्री आठवडाभर त्या माणसाशी बोलला नाही.

"हिच्या जन्माच्या वेळी रिले होता का हिच्यात?" तो नेस्टाला विचारत होता, जणू रिले तिनेच सुचवला होता.

"तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या तोंडात दातही नव्हते," नेस्टा म्हणाली. "आता बसवलेले आहेतच ना?"

ती हे सगळं हसण्यावारी नेत होती, पण आतून तिचा जीव टांगणीला लागला होता. ओल्वेन आता बार्मथलाच वृद्धाश्रमात होती. उजेड-अंधार एवढंच तिला कळायचं. फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि तिथल्या डॉक्टरने नेस्टाला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा हिवाळा धरून चालू नका. नेस्टा आगगाडीने जायची, यायची. दर वेळी ओल्वेन एकच विचारायची, गाडी कधी येतेय. नेस्टाला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. शेवटी तिने एक दिवस ऑब्रीला जेवणाच्या टेबलावर धरलं.

"मला तारीख सांग."

"कप मिळाला की काम संपलं," ऑब्री म्हणाला. "कप मिळाला की त्याच दिवशी, तिथूनच, सरळ बार्मथ. मी शब्द देतो."

"आणि नाही मिळाला तर?"

ऑब्रीने काटा खाली ठेवला. "तर गाडीचं पुढचं अंग पुन्हा उघडावं लागेल, नेस्टा."

म्हणजे आणखी एक हिवाळा. म्हणजे ओल्वेनशिवाय. त्या मूर्ख कपाची नेस्टाला काडीची किंमत नव्हती, पण त्या दिवसापासून तो ऑब्रीला मिळावा म्हणून तिच्याइतकं मनापासून त्या मंडळात कुणीच झुरत नव्हतं.

रविवारी तिने ओल्वेनला फोन केला.

"कधी येतेय गं माझी गाडी?"

"हॉर्न बसलाय म्हणतो."

"एक की दोन्ही?"

"दोन्ही."

"दोघांचा घसा एकाच दिवशी बसला होय? मग हॉर्नचा काही दोष नाही. त्यांच्या पट्ट्या गाडीला जिथे आवळतात ना, तिथे काय आहे?"

"रंग आहे. पाच थर."

पलीकडे एवढं हसू फुटलं की ओल्वेनला ठसका लागला आणि कुणीतरी तिला पाणी दिल्याचं नेस्टाला ऐकू आलं. "अगं पोरी," श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "वीज तारेने येते आणि गाडीच्या लोखंडातून परत जाते. रंगातून कशी जाईल? तुझ्या नवऱ्याने परवानगी दिलीय का तिला? माझ्या वेळी तिथे गंज चढायचा. दर थंडीत मी बोल्ट काढायची, बँडेजच्या कात्रीने खालचं लोखंड पांढरं होईस्तोवर खरवडायची, वर बोटभर व्हॅसलीन, आणि परत आवळायची. चहा गार होण्याआधी काम व्हायचं."

नेस्टाने हे जसंच्या तसं ऑब्रीला सांगितलं. कुणाच्या तान्ह्या पोराचं तोंड खरवडायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला.

"खरवडायचं?"

"बोल्टच्या खाली. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना! शिवाय बोल्टच्या आट्यांतून मिळतंय हॉर्नला अर्थिंग. मिळतंय थोडंफार."

"म्हणून तर थोडाफार वाजतोय."

"नेस्टा, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. हॉर्नच्या मागे एक स्क्रू असतो, तो जुळवला की आवाज येतो. मी त्यावर काम करतोय."

खरं सांगायचं तर त्याला कळत होतं. चांगलं कळत होतं, हेच नेस्टाला सहन होईना. न कळणाऱ्या माणसाला समजावता येतं. पण ज्याला कळतंय आणि तरी जो रंगावर चरा नको म्हणून एका आंधळ्या म्हातारीला आणखी वर्षभर ताटकळत ठेवायला तयार आहे, त्याचं काय करायचं? तिला त्याच्याबद्दल राग नव्हता उरला. रागाला थोडा तरी मान लागतो. तिला नुसती किळस आली.

मेळाव्याच्या आधीच्या बुधवारी ऑब्री मंडळाच्या बैठकीला गेला. विषय महत्त्वाचा होता: बोल्टांच्या डोक्यांवरची अक्षरं सगळी एकाच दिशेने वाचता यावीत की नाही. अशा विषयाला दुपार पुरत नाही. नेस्टाने चहा ठेवला, हात धुतले आणि गॅरेज उघडलं. अकरा वर्षं ती या माणसाच्या मागे टॉर्च धरून उभी राहिली होती, कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिने बॉनेट उघडलं, चार बोल्ट काढले आणि पर्समधून नखं घासायची कानस काढली.

पहिला चरा ओढताना तिचा हात थांबला, हे कबूल करायला हवं. रंग खरंच सुंदर होता. हिरव्यागार डोहासारखा. असल्या ठिकाणी असला रंग लावणाऱ्या माणसाने एवढी माया दुसऱ्या कुठे लावली असती तर काय झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने कानस टेकवली आणि खरवडलं. पाच थर सालासारखे निघाले. खाली लोखंड चमकलं. चारही ठिकाणी तिने तसंच केलं, व्हॅसलीन लावलं, बोल्ट आवळले, अक्षरं पूर्वीच्याच दिशेला ठेवली आणि हिरवा भुगा फुंकरून टाकला.

मग तिने बटण दाबलं.

आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आदळून परत आला. एक वरचा सूर, एक खालचा, दोन्ही छाती भरून. समोरच्या घरातल्या बाईने पडदा बाजूला केला. नेस्टाने तिच्याकडे बघून हात हलवला आणि आत जाऊन चहा प्यायली. तो अजून गरम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑब्री त्याच्या त्या स्क्रूशी खेळत बसला. पाव फेरा दिला, बटण दाबलं, आणि पाठीवर पडता पडता वाचला. तो धावत स्वयंपाकघरात आला. डोळ्यांत पाणी होतं.

"पाव फेरा! ऐकलंस? फक्त पाव फेरा कमी पडत होता!"

"ऐकलं."

"रिले टाक म्हणे! खरवड म्हणे! अरे, कान लागतो कान!" आणि त्याने त्याच पावली मंडळातल्या तिघांना फोन करून पाव फेऱ्याचं शास्त्र समजावून सांगितलं. एकाला तर म्हणाला, तुझा हॉर्न घेऊन ये, मी जुळवून देतो. नेस्टा पावावर लोणी लावत होती. तिने लोणी जरा जास्तच लावलं.

शनिवारी मेळावा भरला. ऊन चांगलं पडलं होतं. टिमिस हातमोजे घालून आला, पालथा पडला, आरसा फिरवला, कापसाची काडी सायलेन्सरच्या नळीत घालून स्वच्छ बाहेर काढली. मग उठून कुरण ओलांडत चहाच्या तंबूकडे गेला. नेस्टा खुर्चीवर बसून बघत होती. टिमिसने हात वर केला. ऑब्रीने बटण दाबलं आणि तंबूतल्या एका बाईच्या हातून कपबशी सुटली. पूर्ण गुण. दुपारी टाळ्या झाल्या, चांदीचा कप ऑब्रीच्या हातात आला, आणि त्याने चार शब्द बोलायला म्हणून उभं राहून पाव फेऱ्यावर भलंमोठं भाषण केलं.

टाळ्या ओसरल्यावर नेस्टा त्याच्याजवळ गेली. "चल."

"कुठे?"

"बार्मथला. कप मिळाला की त्याच दिवशी, तिथूनच, सरळ."

ऑब्रीने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. "अगं, कप मिळालाय तिला. आता तिला रस्त्यावर कशी काढणार? सप्टेंबरात राष्ट्रीय मेळावा आहे, टिमिस स्वतः म्हणाला, नाव द्या. आणि बार्मथ म्हणजे समुद्र! खारी हवा! तुला कल्पना तरी आहे का, खाऱ्या हवेने क्रोमचं काय होतं?"

"ओल्वेनला काय सांगू?"

"आपण तिला फोटो दाखवू. टिमिसचा माणूस काढतोय, मोठे, रंगीत."

"तिला दिसत नाही, ऑब्री."

"मग तर काय," ऑब्री समजावणीच्या सुरात म्हणाला, "तिला काय फरक पडणार आहे?"

तो हे दुष्टपणाने म्हणाला नव्हता. दुष्टपणाला निदान समोरचा माणूस दिसावा लागतो. त्याने खिशातून मऊ फडकं काढलं आणि बॉनेटवर बसलेली माशी हाकलली.

नेस्टाने गाडीचं दार उघडलं आणि ती स्टिअरिंगमागे बसली. दिवे तपासायचे म्हणून किल्ली जागेवरच होती. इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झालं. ते एक मान्य करायला हवं, इंजिन त्याने उत्तम बांधलं होतं. सभोवती मंडळ उभं होतं, हातात चहाचे कप, डोक्यावर टोप्या. कुणी हलेना. गाडी स्वतःच्या चाकांवर चालू शकते हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. नेस्टाने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. इतक्या सभ्य माणसांवर इतक्या जवळून कुणी हॉर्न वाजवला नव्हता. मंडळ दुभंगलं. टिमिस गवतावरच्या दोरीत पाय अडकून बसला.

ऑब्री शेजारून धावत होता. "क्लच! क्लच हळू! गवत ओलं आहे, चिखल उडेल! नेस्टा, अगं मडगार्ड!"

फाटकापाशी ती थांबली. "बसायचं तर बस."

तो बसला. बायकोसाठी बसला नाही. गाडी त्याला एकटी सोडवेना. कप त्याने मांडीवर घेतला.

वेल्सच्या हद्दीत शिरल्यावर रस्त्यावर नवी खडी टाकलेली होती. खडे खालून टणटण वाजायला लागले आणि प्रत्येक खड्याला ऑब्री "आई गं" म्हणायला लागला, जणू सगळे त्यालाच बसत होते. पहिले काही मैल तो विनवत होता, मग कपावरची धूळ पुसायला लागला. डोल्गेथ्लाइ गावाच्या अलीकडे एका वळणावर मेंढ्या रस्ता अडवून बसल्या होत्या. नेस्टाने हॉर्न दिला. मेंढ्या उठून पांगल्या.

"आवाज छान लागलाय," ऑब्री न राहवून म्हणाला. "पाव फेरा—"

"पाव फेरा नाही. बुधवारी तू बैठकीला गेलास तेव्हा मी चारही बोल्टांखालचा रंग खरवडला. नखांच्या कानशीने. ओल्वेनने सांगितलं होतं तसं."

ऑब्रीने मांडीवरचा कप उचलला. नेस्टाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. अकरा वर्षांचं काहीतरी. चिडेल, रडेल, निदान कप बाहेर फेकेल.

"किती खरवडलंस?" त्याने विचारलं. "वॉशरच्या बाहेर गेलंय का? थांब जरा, बघू दे."

ती थांबली नाही.

वृद्धाश्रमाच्या दारात तिथल्या बाईने ओल्वेनला हाताला धरून आणलं. ती आणखी बारीक झाली होती, अंगात दोन स्वेटर होते. तिने हात पुढे केला, मडगार्डवर टेकवला आणि चाकावरून दारापर्यंत, दारावरून मागपर्यंत सावकाश फिरवला. परत आणला. पुन्हा फिरवला. तिची बोटं काहीतरी शोधत होती आणि कुठेच अडत नव्हती.

"ही कुणाची गाडी आणलीस गं?" ती म्हणाली.

नेस्टाने आत वाकून बटण दाबलं.

ओल्वेनचा हात जिथल्या तिथे थांबला. तोंडाचं बोळकं उघडंच राहिलं. आवाज थांबल्यावरही ती तशीच उभी होती, मान किंचित वाकडी करून.

"हा आवाज माझाच आहे," ती म्हणाली. "पण मग बाकीचं काय केलंत तुम्ही?"

"अगं, ओल्वेन, सगळं मूळचंच आहे," ऑब्री पुढे सरसावला. "उलट मूळच्यापेक्षा चांगलं. रंगाचे पाच थर—"

"मी कुंपणात घुसले होते तेव्हाचा पोचा कुठे गेला? दारावर इव्हान्सच्या बैलाने शिंग ओढलं होतं, ते कुठे गेलं? माझ्या कोपराची जागा होती इथे, झिजलेली."

"ते मी सगळं काढून टाकलं," ऑब्री अभिमानाने म्हणाला, आणि म्हणता म्हणता तिच्या बोटांचे ठसे पुसायला लागला.

ओल्वेन त्या फडक्याचा आवाज ऐकत होती. मग तिने बहिणीकडे तोंड वळवलं. "हा पुसतोय का गं?"

"हो."

"बसव मला आत," ओल्वेन म्हणाली.

नेस्टाने तिला बसवलं, पायांवर शाल घातली, दार लावलं आणि फिरून स्टिअरिंगमागे आली. ऑब्री एका हातात कप, दुसऱ्या हातात फडकं घेऊन गाडीच्या या बाजूने त्या बाजूला गेला आणि परत आला.

"आणि मी?"

"गाडी दोघांची आहे, ऑब्री."

समुद्राकडून वारा सुटला होता, वाळू सरपटत रस्त्यावर येत होती आणि गाडीच्या अंगावर बारीक आवाज करत आपटत होती. काठाचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. ओल्वेनने डावा हात दाराबाहेर टाकला आणि उजवा चाचपत चाचपत बहिणीच्या मांडीवरून, मनगटावरून स्टिअरिंगच्या मधोमध नेला. तिने बटण दाबलं. समोर कुणीच नव्हतं. तिने पुन्हा दाबलं आणि तिसऱ्यांदाही दाबलं, आणि नेस्टाने तिला थांबवलं नाही.